टपेन्सची स्वच्छ नखं

बूथांच्या घरात एक नियम होता आणि तो मॅव्हिसने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात घालून दिला होता. अर्नीचे फेरेट परसातल्या शेडमध्ये राहतील, आणि अर्नी त्यांच्यापाशी जाऊन आला की जाकीट दाराबाहेर टांगून, हात धुऊन मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकील. गावातली खाण बंद पडली, कोपऱ्यावरचं खाटकाचं दुकान गेलं, मुलगा लीड्सला जाऊन तिथलाच झाला, पण नियम जागचा हलला नाही. फेरेट म्हणजे दिसायला मुंगसाची धाकटी बहीण. सशांच्या बिळात सोडली की ससे दुसऱ्या तोंडाने पळतात आणि तिथे लावलेल्या जाळीत अडकतात. खाणीत राबलेल्या निम्म्या पुरुषांच्या परसात हे प्राणी असायचे, आणि निम्म्या बायका त्यांच्या वासाने नाक मुरडायच्या.

मग गेल्या हिवाळ्यात अर्नीच्या टपेन्स नावाच्या फेरेटला खोकला झाला. शेडमध्ये बर्फ पडल्यासारखी थंडी होती. "दोन रात्री घरात," मॅव्हिस म्हणाली, "त्याउपर एक नाही." दोन रात्रींचा पुरा हिवाळा झाला. टपेन्ससाठी जुन्या शालीची झोळी शिवली गेली, ती मॅव्हिसच्या म्हणण्याप्रमाणे केवळ शाल वाया जात होती म्हणून. रोज सकाळी अंड्याचा बलक बाजूला निघू लागला, तोही म्हणे केकला फक्त पांढरं लागतं म्हणून. त्या घरात कुणी एवढे केक खाल्ल्याचं मात्र आठवत नाही.

गावच्या क्लबातल्या बायकांनी चिडवलं तेव्हा मॅव्हिसने सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं, "ज्या दिवशी ती बया त्रास देईल, त्या दिवशी तिची रवानगी शेडमध्ये." माणूस तोऱ्यात काहीतरी बोलून जातो आणि मग स्वतःच्याच बोलण्यात अडकून पडतो. मॅव्हिसचं तसं झालं.

एका शनिवारी अर्नीची नेहमीची फेरेट लंगडत होती, म्हणून तो टपेन्सला घेऊन गेला. न्यूसमच्या शेताच्या बांधावर सशांनी कोवळ्या गव्हाचा फडशा पाडला होता आणि न्यूसम सारखा फोन करून अर्नीचं डोकं खात होता. अर्नी परतला तेव्हा चिखलाने माखला होता, पण स्वारी खुशीत होती.

"आत ससा मारला हिनं," कोटाच्या आतून टपेन्सला काढत तो म्हणाला. "बाहेरच येईना. दुपारभर खणत बसलो. शेवटी बघतो तर महाराणी आडव्या. तिथंच मारला, तिथंच खाल्ला आणि तिथंच ताणून दिली."

"तुझ्या वयाला शोभतं का दुपारभर खणणं?" मॅव्हिसने विचारलं. अर्नीने हात कानाशी नेला. तिने तेच पुन्हा, शेजारच्या घरात पोचेल एवढ्या आवाजात विचारलं.

"फावडं तरुण आहे," अर्नी म्हणाला.

मॅव्हिसने कोमट पाण्यात फडकं पिळून टपेन्सचे पंजे पुसले. फडक्याला पिवळी माती लागली, बाकी काही नाही. टपेन्स एरवी पंजे पुसू देत नसे, फडक्याशीच झोंबायची. त्या दिवशी मात्र गुमान बसून राहिली. दमली असेल, असं मॅव्हिसला वाटलं.

रविवारी टपेन्सने बलक हुंगला आणि तोंड फिरवलं.

"अगं, सबंध ससा आहे तिच्या पोटात," अर्नी म्हणाला. "नाताळाचं जेवण झाल्यावर तुला कुणी अंडं दिलं तर खाशील का?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. साऱ्या पंचक्रोशीतल्या फेरेटवाल्यांनी हेच सांगितलं असतं. बिळात पोट भरून आलेली फेरेट एक-दोन दिवस सुस्तावते, खात नाही, झोपून काढते. अर्नीने आयुष्यभर हे पाहिलं होतं आणि आयुष्यभर पाहिलेल्या गोष्टीवर कोण शंका घेतं?

पण कोपऱ्यातला टपेन्सच्या शी-शूचा ट्रे मॅव्हिस साफ करायची, अर्नी नाही. चार लोकांत सांगायची गोष्ट नव्हे, पण त्या ट्रेत ती जेवढं निरखून बघायची तेवढं तिने पोटच्या पोराच्या लंगोटातही बघितलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी त्यात दोऱ्यासारखं बारीक, काळपट काहीतरी होतं. एवढंच. सबंध ससा खाल्लेल्या जनावराचं एवढंच कसं?

ती अर्नीला सांगणार होती. सांगायला तोंड उघडलंही. मग तिला क्लब आठवला, स्वतःचे शब्द आठवले, शेडचं थंडगार दार आठवलं. सांगितलं तर हा त्रासच ठरणार. सकाळपर्यंत बघू, असं म्हणून तिने ट्रे धुतला आणि त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी न्याहारीनंतर टपेन्स झोळीतून उतरली. दोन पावलं टाकली आणि गालिच्यावर पोट टेकून पसरली, मागचे पाय फाकलेले, पाठ मात्र वर उचललेली. तोंडातून लाळ गळत होती. टाळ्याला काही चिकटल्यासारखी ती पुढच्या पंजाने तोंड खरवडत राहिली. मग मॅव्हिसला तो आवाज ऐकू आला. जात्यात खडा सापडावा तसा बारीक, करकर आवाज. टपेन्स दात खात होती.

"ऐकलंस?" मॅव्हिस म्हणाली.

अर्नी पेपरात होता. तिने पेपर खाली ओढला आणि टपेन्सकडे बोट दाखवलं. "दात खातीय. ऐकू येतंय का तुला?"

"झोपेत ससा चावत असेल."

"डोळे उघडे आहेत तिचे. कानात यंत्र घाल."

"सेल संपलेत."

"ड्रॉवरात अख्खं पाकीट पडलंय."

"त्या मापाचे नाहीत ते," अर्नी म्हणाला आणि पेपर पुन्हा वर गेला. हे उत्तर तो तीन-चार दिवस देत होता. खाणीतल्या यंत्रांनी त्याचे कान कधीच खाल्ले होते. मॅव्हिसने वर्षानुवर्षं मागे लागून शरद ऋतूत त्याला कानाचं यंत्र घ्यायला लावलं, आणि आता हा गडी ते न घालण्याची नवनवी कारणं काढत होता. तिला वाद घालायचा होता, पण तेवढ्यात टपेन्सच्या पोटाला पीळ पडला आणि तिने गालिच्यावर पिवळा फेस ओकला.

मॅव्हिस गुडघ्यांवर बसली. ओठाच्या कडेचा फेस पुसताना टपेन्सचा पंजा तिच्या बोटांवर आला आणि शनिवारचं ते फडकं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पिवळी माती, बाकी काही नाही.

"अर्नी," ती म्हणाली, आणि या वेळी तो तिचा चेहरा बघूनच उठला. "शनिवारी हिच्या नखांत सशाची लव होती का?"

लग्नाआधी बाकीच्या पोरी सिनेमाला जायच्या तेव्हा अर्नी तिला ससे धरायला घेऊन गेला होता. बिळात मारून आलेली फेरेट कशी ओळखायची, हे त्यानेच त्या दिवशी बांधावर बसून शिकवलं होतं. नखांत लव अडकलेली असते, छातीवर रक्त असतं. तिच्या आईने विचारलं, काय बोललात दिवसभर, तेव्हा तिला खोटं सांगावं लागलं होतं.

अर्नीने पेपर खुर्चीवर टाकला.

"नव्हती," तो म्हणाला. "दिसलं होतं मला. म्हटलं, मातीत पुसली गेली असेल."

"म्हणजे खाल्लं नाही तिनं."

"खाल्लं नाही. झोपलीही नव्हती." त्याचा चेहरा उतरला. "दुखत होतं म्हणून बसली होती ती. आणि मी शीळ घालत घरी आलो."

तो शेडकडे गेला आणि बाटली घेऊन आला. त्याचा बाप पोट अडलेल्या फेरेटला चमचाभर तेल पाजायचा, आजाही तेच करायचा. मॅव्हिसने बाटलीच्या तोंडावर हात ठेवला.

"आधी फोन," ती म्हणाली. "जनावर ओकतंय. त्याला आणखी काय पाजतोस?"

जनावरांच्या दवाखान्यात फोन घेणारी मुलगी शांतपणे एकेक प्रश्न विचारत गेली. शी होतेय का, बारीक की नेहमीसारखी, ओकली कितीदा, तोंड खरवडते का. मग तिने भराभर सांगितलं. तोंडावाटे काही द्यायचं नाही, दूधपावही नाही आणि तेल तर मुळीच नाही. आत काही अडकलं असेल आणि वरून जोर लावला तर आतडं फाटू शकतं. पोट चोळायचं नाही, दाबून बघायचं नाही. उबेत गुंडाळा आणि लगेच आणा, उद्यावर टाकू नका, एवढ्याशा जिवाला उपाशी राहणं झेपत नाही.

"आणि निघताना घरात बघा," मुलगी म्हणाली. "रबराचं काही कुरतडलेलं दिसतं का. यांना रबराचं वेड असतं. काय गिळलंय ते कळलं तर आमचा वेळ वाचतो."

"माझ्या घरात जमिनीवर काही पडलेलं नसतं, पोरी," मॅव्हिस म्हणाली.

फोन ठेवला आणि तिची नजर सोफ्याखाली गेली. टपेन्सला कुठलीही वस्तू मिळाली की ती उलटी उलटी ओढत तिकडेच नेते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. दोघांनी मिळून सोफा पाठीवर पाडला. खालचं कापड एका कोपऱ्यात फाटलेलं होतं आणि तिथे पोटली लोंबत होती. अर्नीने कापड ओढलं तसा सगळा खजिना गालिच्यावर सांडला. अर्नीचा मोजा. मॅव्हिसने जिच्यावरून शेजारणीशी अबोला धरला होता ती शिवताना बोटावर चढवायची टोपी. वाळून दगड झालेला उकडलेला बटाटा. कपड्यांचे चिमटे. आणि कानाचं यंत्र.

यंत्र धड होतं, पण कानात बसणारा त्याचा मऊ रबरी गोळा जागेवर नव्हता. बारीक नळीच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या.

मॅव्हिसने ते उचलून अर्नीसमोर धरलं.

"गुरुवारी," अर्नी म्हणाला. "खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि डुलकी लागली. उठलो तर गायब. तू हजारदा बजावलं होतंस, तिथं ठेवू नकोस."

मॅव्हिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस तिने या माणसाशी बोलून बोलून घसा फोडला होता आणि हा सेलांची मापं सांगत होता. गुरुवारीच बोलला असता तर गुरुवारीच सोफा उलटा झाला असता. हे सगळं तिच्या ओठांवर आलं. पण झोळीत टपेन्स थरथरत होती, आणि मॅव्हिस तोंडाने फटकळ असली तरी अप्रामाणिक नव्हती.

"मी कालच ट्रे बघितला," ती मोठ्याने म्हणाली. "दोरा होता नुसता. मला कळत होतं काहीतरी बिनसलंय. पण बोलले नाही."

"का?"

"तू शेडमध्ये ठेवशील म्हणून."

अर्नीने तिच्याकडे बघितलं, मग उलट्या सोफ्याकडे. "शेडची भाषा तुझी होती. मी कशाला ठेवतोय. गाडीची किल्ली आण."

डॉक्टर हॉलिन्स नावाची उंच बाई होती, हात मोठे आणि आवाज मऊ. तिने दोन बोटांनी टपेन्सचं पोट चाचपलं, तशी टपेन्सने मान ताठ केली आणि पुन्हा दात खाल्ले. क्ष-किरणाच्या चित्रात आतड्याची वेटोळी हवेने फुगलेली दिसत होती आणि एका जागी वाट संपत होती. मॅव्हिसने कानाचं यंत्र टेबलावर ठेवलं. डॉक्टरने ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे आणलंत ते फार बरं केलंत," ती म्हणाली. "नाहीतर आणखी तपासण्यांत दिवस गेला असता. आता थेट पोट उघडते. तेल वगैरे नाही ना दिलं?"

"देणार होतो," अर्नी म्हणाला. मॅव्हिसने प्रश्न त्याच्या कानाशी ओरडून सांगितला होता.

"दिलं नाहीत ना, मग झालं." डॉक्टर जरा थांबली. "खोटं नाही सांगत, मिसेस बूथ. लहान जीव आहे, चार दिवसांत थकलाय. भुलीतून सगळ्याच उठतात असं नाही. पण तुम्ही उशीर केलेला नाही."

मॅव्हिसने सही केली आणि टपेन्सला झोळीसकट सोपवलं. हात एकदम रिकामे झाले तसं तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

बाहेरच्या खोलीत दोघं बाकावर बसले. समोर मांजराची टोपली घेतलेली एक बाई मासिक वाचत होती. अर्नीला ऐकू येत नसल्यामुळे बूथांच्या घरच्या गोष्टी सगळ्या खोलीला ऐकाव्या लागत होत्या.

"मला एक सांग," मॅव्हिस म्हणाली. "हरवण्याआधी तरी ते यंत्र कुठं घालायचास तू? दिवसातून तासभर. एवढा काय जाच होता त्याचा?"

मांजरवाल्या बाईने पान उलटायचं थांबवलं.

अर्नी टोपी हातात फिरवत राहिला. "पहिल्या दिवशी घातलं आणि तू स्वयंपाकघरातून हाक मारलीस," तो म्हणाला. "मला वाटलं घरात आग लागली. मग कळलं, तू रोजच तशी हाक मारतेस. एवढं ओरडतेस तू. एवढी वर्षं." त्याच्या हातातली टोपी फिरायची थांबली. "चर्चमध्ये गायचीस तेव्हा काय आवाज होता तुझा. माझ्यापायी तो खरखरीत झाला. ते ऐकवत नव्हतं, म्हणून काढून ठेवायचो."

मॅव्हिसला इतक्या वर्षांत वाटत आलं होतं की या माणसाला तिचं बोलणं नकोसं झालंय. रात्री कूस बदलताना कितीदा हा विचार तिने गिळला होता. जे सुचलं ते ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. तिने त्याच्या हातातली टोपी काढून बाजूला ठेवली आणि तो हात आपल्या हातात घेतला. मांजरवाली बाई घाईघाईने मासिकात शिरली.

दार उघडलं तेव्हा डॉक्टर हॉलिन्सच्या डोक्यावरची हिरवी टोपी तशीच होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मॅव्हिस उभी राहिली.

"श्वास चांगला चाललाय," डॉक्टर म्हणाली. "आतडं फाटलेलं नव्हतं, कापून टाकावं लागलं नाही. चीर देऊन अडकलेलं काढलं आणि शिवलं. दोन दिवस इथं राहू दे." तिने छोटी डबी पुढे केली. आत तो रबरी गोळा होता, अर्धवट चावलेला. "परत हवाय का?"

अर्नीने डबीत डोकावून बघितलं. "तिलाच विचारा," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा तिनं जास्त वापरलाय."

मॅव्हिस हसली ती इतकी मोठ्याने, की टोपलीतलं मांजर फिस्कारलं.

टपेन्स घरी आली तेव्हा पोटावरचे केस भादरलेले होते. थोडं थोडं, पातळ, दिवसातून बरेचदा भरवायचं, उड्या मारू द्यायच्या नाहीत आणि ट्रेवर लक्ष ठेवायचं, असं सांगितलं होतं. ट्रेवर लक्ष ठेवण्यात मॅव्हिसचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या सकाळी तिने अर्नीला खुर्चीतून उठवून ट्रेपाशी आणलं आणि दोन म्हातारी माणसं त्या ट्रेकडे कौतुकाने बघत उभी राहिली. सोफ्याखालचं कापड जाड कॅनव्हासने शिवून टाकलं गेलं. बुटांच्या रबरी टाचा, बाटल्यांची बुचं, खोडरबरं, सगळं कपाटात गेलं. क्लबात कुणीतरी विचारलंच, शेडमध्ये गेली का मग ती? मॅव्हिस म्हणाली, शेडमध्ये जायचंच असेल तर अर्नी जाईल, त्याच्यामुळेच घरात रबर आलं.

नवा रबरी गोळा बसवलेलं यंत्र आलं तेव्हा टपेन्सच्या पोटावर लव उगवायला लागली होती. अर्नीने ते कानात घातलं आणि पेपर घेऊन बसला. खोलीत टपेन्स झोळीतून उतरली, अंग झटकलं, पाठीची कमान केली आणि आडवी आडवी नाचत थेट त्याच्या पायांवर येऊन आदळली. मग मागे सरकून पुन्हा आदळली.

अर्नीने पेपर खाली ठेवला. "कसला आवाज आहे हा? क्लुक-क्लुक?"

"हसतेय ती," स्वयंपाकघराच्या दारातून मॅव्हिस म्हणाली. "खुशीत आली की करते. सगळा हिवाळाभर करत होती."

"लहानपणी ऐकलं होतं," अर्नी म्हणाला. "बापाच्या शेडमध्ये." तो वाकला, जवळजवळ दुमडलाच, आणि कान टपेन्सच्या अंगाजवळ नेऊन ऐकत राहिला. "मला वाटलं होतं, आताच्या फेरेट असं करत नाहीत."

मॅव्हिस आत वळली. किटली भरली. खोलीकडे तिची पाठ होती आणि मध्ये भिंत होती. हाक मारण्यासाठी तिने सवयीने छाती भरून श्वास घेतला, आणि तो तसाच सोडून दिला.

"चहा ठेवू का रे?" ती हळूच म्हणाली, शेजारी बसलेल्याला विचारावं तशी.

"ठेव की," पलीकडून अर्नी म्हणाला.